ऑनलाइन नोंदणी आपोआप व्हावी म्हणून फ्रीलान्सर नेमताना: तयारी, कामाचा क्रम आणि तपासण्या

नाशिकमध्ये अभ्यासिका, क्लास, योगवर्ग किंवा होमस्टे चालवणाऱ्या बहुतेकांची मागणी एकाच वाक्यात बसते: "लोकांनी साइटवर स्वतःच अकाउंट उघडावं, पैसे भरावेत, आम्हाला काही टाइप करावं लागू नये." मागणी रास्त आहे. बिघडतं ते पुढे. ओळखीतून एखादा वेब डिझायनर मिळतो, हेच वाक्य त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर जातं, निम्मे पैसे आगाऊ दिले जातात आणि काही महिन्यांनी एक देखणा फॉर्म हातात पडतो. त्यात लोकांनी भरलेली माहिती काउंटरवरची ताई रोज संध्याकाळी पुन्हा एक्सेलमध्ये उतरवत बसते.

यात डिझायनरचा दोष असतोच असं नाही. माणूस आधी नेमला गेला आणि काय हवं ते ठरवणं मागे राहिलं, म्हणून हे होतं. पुढचे टप्पे त्यामुळे याच क्रमाने करा. उदाहरणासाठी गंगापूर रोडवरची एक अभ्यासिका धरली आहे: ठरावीक जागा, महिन्याचं सभासदत्व, दिंडोरी, कळवण, सुरगाणा, चांदवडकडून स्पर्धा परीक्षेसाठी आलेली मुलं. तुमचा व्यवसाय वेगळा असला तरी अडचणी याच येतात.

सुरुवातीलाच एक इशारा. हा लेख स्वतःच्या साइटवर खऱ्या माणसांची नोंदणी सोपी करण्यासाठी आहे. दुसऱ्यांच्या साइटवर बॉट (आपोआप चालणारा प्रोग्राम) लावून शेकडो अकाउंट उघडून देतो, असं कोणी सांगत असेल तर त्या वाटेला जाऊ नका. तसं करणं त्या साइटच्या अटींविरुद्ध असतंच, शिवाय खोट्या नावाने अकाउंट उघडली तर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार ओळख लपवून फसवणूक केल्याचं प्रकरण होऊ शकतं. आणि अशी कामं घेणाऱ्याच्या हातात आपल्या सभासदांची माहिती देणं हा वेगळाच धोका.

## १. नोंदणी आधी कागदावर पूर्ण करा

एक दिवस काउंटरजवळ बसा आणि नवीन मुलगा आल्यापासून जागेवर जाऊन बसेपर्यंत काय काय होतं ते जसंच्या तसं लिहून काढा. नाव कोण विचारतं? पावती कधी फाडली जाते? जागेचा नंबर कोण ठरवतं? "अर्धे आत्ता घ्या, अर्धे पाच तारखेला देतो" असं कोणी म्हटलं तर कोण हो म्हणतं? यातली शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे. माणूस तोंडी निर्णय घेतो तिथे सॉफ्टवेअर अडतं, आणि फ्रीलान्सरला ते निर्णय माहीत नसतात. तो आपल्या अंदाजाने काहीतरी बसवतो आणि भांडण तिथून सुरू होतं.

मग तीन याद्या करा.

पहिली यादी: कोणती माहिती घ्यायची. प्रत्येक रकान्यापुढे "हे कशासाठी लागतं" ते लिहा. उत्तर सुचत नसेल तर रकाना काढून टाका. अभ्यासिकेला नाव, मोबाइल, आणीबाणीत फोन करायचा नंबर आणि कोणती वेळ हवी एवढं पुरतं. जन्मतारीख, जात, वडिलांचा व्यवसाय, कायमचा पत्ता हे सगळं जुन्या छापील फॉर्मवर होतं म्हणून नव्यातही येतं, आणि प्रत्येक जादा रकान्यावर काही मुलं फॉर्म अर्धवट सोडून जातात.

आधारचा फोटो अपलोड करून घेण्याची सवय तर मोडायलाच हवी. ओळख पटवायची असेल तर पहिल्या दिवशी काउंटरवर ओळखपत्र बघा, "पाहिलं" अशी खूण करा आणि परत द्या. हजार मुलांच्या आधारच्या प्रती कुठल्यातरी स्वस्त सर्व्हरवर पडून राहण्यात तुमचा काही फायदा नाही, जोखीम मात्र पूर्ण तुमची आहे.

दुसरी यादी: अपवाद. ही सगळ्यात मोठी होईल, होऊ द्या. पैसे दोनदा गेले. पैसे गेले पण जागा भरली होती. एकाच मोबाइलवर दोन भावंडं. मध्येच गावाला गेला, पंधरा दिवस पुढे ढकलून हवेत. मोबाइल नंबर बदलला. सभासदत्व संपलं तरी मुलगा येऊन बसतोय. प्रत्येकापुढे तुमचा नियम एका ओळीत लिहा.

तिसरी यादी: नोंदणीनंतर काय आपोआप व्हायला हवं. पावती कोणाला, कुठे जाते. तुम्हाला काय कळतं. मुदत संपायच्या किती दिवस आधी आठवण जाते.

इथेच कायद्याचाही विचार करून ठेवा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतात. छोट्या व्यवसायाने त्यातल्या चार गोष्टी आजच ध्यानात ठेवाव्यात. माहिती कशासाठी घेतोय ते साध्या भाषेत सांगून संमती घ्यायची, आणि ती सूचना मराठीतही उपलब्ध हवी. संमती मागे घेण्याची सोय हवी. अठरा वर्षांखालच्या मुलासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, म्हणजे अकरावी-बारावीची मुलं घेत असाल तर फॉर्मचा रस्ता त्यांच्यासाठी वेगळा होतो. आणि काम फ्रीलान्सर करत असला तरी माहितीची जबाबदारी तुमचीच राहते. पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. अभ्यासिकेला कोणी तेवढा दंड लावेल असं नाही, पण कायदा हा विषय किती गंभीरपणे घेतो ते यातून कळतं.

तपासा: या तीन याद्या तुमच्या व्यवसायाशी संबंध नसलेल्या माणसाला वाचायला द्या. त्याला नोंदणी कशी होते ते समजलं तर फ्रीलान्सरलाही समजेल.

## २. तयार साधनात भागतं का ते बघा

फक्त नावं गोळा करायची असतील तर गूगल फॉर्म पुरतो. फॉर्म भरल्यावर आपोआप ईमेल जावा यासाठी अ‍ॅप्स स्क्रिप्ट (गूगलचीच छोटे प्रोग्राम लिहायची सोय) जोडता येते, पण फुकटच्या जीमेल खात्यातून तिला दिवसाला १०० जणांपर्यंतच मेल पाठवता येतो. प्रवेशाच्या आठवड्यात ही मर्यादा संपते आणि पुढच्यांना मेल जात नाही. वर्डप्रेसवर (साइट बनवायचं तयार साधन) सभासदत्वाचे तयार प्लगइन, म्हणजे वरून जोडायचे भागही आहेत. पैसे, जागा आणि मुदत ही तिन्ही एकमेकांत गुंतलेली असतील तरच माणूस नेमून काम करून घ्या.

## ३. सगळी खाती आधी आपल्या नावावर उघडा

फ्रीलान्सर शोधण्याच्या आधी करायचं हे काम आहे, आणि बहुतेक जण ते त्याच्यावरच सोडतात. "तुम्ही काळजी करू नका, मी सगळं घेऊन टाकतो" हे ऐकायला बरं वाटतं. मग डोमेन (साइटचा पत्ता) त्याच्या नावावर, होस्टिंग (साइट जिथे ठेवली जाते ती भाड्याची जागा) त्याच्या खात्यात, एसएमएसचं पॅनेल त्याच्या ईमेलवर. दोन वर्षांनी तो पुण्याला नोकरीला लागतो, फोन उचलत नाही, आणि डोमेनची मुदत संपल्याची सूचना अशा ईमेलवर जाते जो तुम्ही कधी पाहिलेलाच नाही.

व्यवसायाच्या नावाने एक वेगळा ईमेल उघडा, त्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावा आणि खालचं सगळं त्याच ईमेलवर घ्या.

डोमेन. नोंदणीत मालक म्हणून तुमचं किंवा फर्मचं नाव. नूतनीकरण तुमच्या कार्डावरून.

होस्टिंग. खातं तुमचं. फ्रीलान्सरला त्यात वेगळा वापरकर्ता करून द्यायचा, मुख्य पासवर्ड द्यायचा नाही.

पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारून देणारी सेवा. पॅन, बँक खातं आणि व्यवसायाचा पुरावा लागतो. साइटवर अटी, गोपनीयता, पैसे परत करण्याचं धोरण आणि संपर्क ही पानं दिसल्याशिवाय गेटवेवाले सहसा मंजुरी देत नाहीत. त्यामुळे ही पानं आधी, फॉर्म नंतर.

एसएमएस. इथे सगळ्यात जास्त वेळ जातो. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार व्यवसायाच्या नावाने एसएमएस पाठवायचा तर दूरसंचार कंपनीच्या डीएलटी पोर्टलवर आधी स्वतःची नोंदणी करावी लागते. मग पाठवणाऱ्याचं नाव, म्हणजे हेडर, मंजूर करून घ्यायचं, आणि मग प्रत्येक मेसेजचा मजकूर, म्हणजे टेम्प्लेट. ओटीपीचा मेसेजही यातून सुटत नाही. मंजूर मजकुरात आणि प्रत्यक्ष मेसेजमध्ये एखाद्या शब्दाचा किंवा चिन्हाचा फरक पडला तरी मेसेज वाटेतच अडतो. फ्रीलान्सर म्हणतो कोड बरोबर आहे, एसएमएसवाला म्हणतो आमच्याकडून गेला, आणि दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात. मंजूर मजकूर कॉपी करून एका फाइलमध्ये ठेवा आणि तीच फाइल फ्रीलान्सरला द्या. तोंडी सांगू नका.

ईमेल. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम या, मेल खरंच त्या डोमेनवरून आला हे दाखवणाऱ्या नोंदींची अपेक्षा ठेवतं. त्या तुमच्या डोमेनच्या सेटिंगमध्ये घालायच्या असतात. त्या नसल्या तर पावत्या स्पॅममध्ये जातात किंवा पोहोचतच नाहीत.

तपासा: फ्रीलान्सर उद्या गायब झाला तर पासवर्ड बदलून तुम्ही सगळीकडे आत जाऊ शकता का? एका जरी खात्याबाबत उत्तर "नाही" असेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

## ४. माणूस निवडा

वेब डिझायनर पान दिसायला छान करतो. अकाउंट उघडणं, ओटीपी, पैसे, जागा, मुदत हे काम पडद्यामागचं आहे आणि ते डेव्हलपरचं आहे. काही जण दोन्ही उत्तम करतात, पण ते विचारून, बघून घ्यावं. "तुम्ही केलेल्या साइट दाखवा" एवढ्यावर थांबू नका, कारण तो दिसणारी पानं दाखवेल आणि तुम्हाला न दिसणारा भाग तपासायचा आहे. म्हणून विचारा:

"यूपीआयने पैसे गेले आणि मुलाने ब्राउझर बंद केला, तर अकाउंट कसं उघडेल?" ज्याने हे काम केलं आहे तो लगेच वेबहुकचं नाव घेईल, म्हणजे गेटवे स्वतःहून तुमच्या सर्व्हरला कळवतो ती सोय. "असं सहसा होत नाही" हे उत्तर आलं तर नमस्कार करून निघा.

"पासवर्ड कसे साठवता?" योग्य उत्तर: साठवत नाही, त्याचा हॅश (ज्यावरून मूळ पासवर्ड वाचता येत नाही असं रूप) ठेवतो, किंवा पासवर्डच नको, ओटीपीवर चालवू. "मी डेटाबेसमध्ये बघून तुम्हाला सांगू शकतो" असं म्हणाला तर तो पासवर्ड उघडे ठेवतो.

"काम संपल्यावर मला काय काय द्याल?" कोड, डेटाबेसचा आराखडा, खात्यांची यादी, चालवण्याची माहिती. हे प्रश्न विचारल्यावर जो वैतागतो तो पुढे दुरुस्तीच्या वेळी जास्त वैतागेल.

माणूस अपवर्क, फायव्हर किंवा लिंक्डइनवर मिळतो. नाशिकमध्ये मात्र सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे ज्यांची नोंदणी आज नीट चालते आहे अशा दुसऱ्या क्लासवाल्याला किंवा जिमवाल्याला विचारणं. विचारताना "काम कसं केलं" यापेक्षा "नंतर बिघाड झाला तेव्हा किती वेळात आला" हे विचारा.

दोघं-तिघं पसंत पडले तर प्रत्येकाला एक छोटं, पैसे देऊन केलेलं काम द्या: फक्त मोबाइल नंबर घेऊन ओटीपी पडताळणारं एक पान, चाचणीच्या नंबरवर. त्यात माणसाची सवय कळते. फुकट नमुना मागू नका. चांगला माणूस फुकट करत नाही, आणि करवून घेणं योग्यही नाही.

## ५. कामाची चिठ्ठी आणि करार

पहिल्या टप्प्यातल्या याद्या इथे कामाला येतात. चिठ्ठी अशी असावी:

"सभासद मोबाइल नंबर टाकेल. ओटीपी पडताळल्यावर नाव आणि वेळ निवडेल. रिकाम्या जागाच दिसतील. जागा निवडल्यावर ती दहा मिनिटं दुसऱ्या कोणाला दिसणार नाही. गेटवेकडून पैसे आल्याचा निरोप आल्यावरच अकाउंट सुरू होईल आणि पावती जाईल. दहा मिनिटांत पैसे आले नाहीत तर जागा मोकळी होईल. त्यानंतर पैसे आले तर नोंद 'हाताने बघा' या यादीत येईल आणि मला मेसेज येईल."

बघा, यात रंग, फाँट, लोगो काही नाही. ते वेगळ्या कागदावर. या परिच्छेदातल्या प्रत्येक वाक्यावर नंतर "झालं" किंवा "झालं नाही" अशी खूण करता आली पाहिजे. "वापरायला सोपं हवं" या वाक्यावर तशी खूण करता येत नाही, म्हणून ते चिठ्ठीत नको.

कोड कोणाचा? पैसे दिले म्हणजे कोड आपला झाला असं जवळजवळ सगळेच समजतात. कॉपीराइट अधिनियम, १९५७ प्रमाणे पगारी नोकराने कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला हक्कदार नोकरी देणारा असतो. स्वतंत्र फ्रीलान्सरने लिहिलेला कोड, वेगळं काही लिहून घेतलं नसेल तर, त्याचाच राहतो. हक्क तुमच्याकडे यायला त्याच्या सहीचं लेखी हस्तांतरण लागतं. त्यातही मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षांपुरतंच धरलं जातं, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. म्हणून करारात "कायमस्वरूपी" आणि "जगभरासाठी" हे दोन्ही शब्द असू द्या. त्याने आधीपासून वापरत असलेले किंवा मुक्त परवान्याचे भाग घातले असतील तर त्यांची वेगळी यादी मागा. त्यांचे हक्क तो तुम्हाला देऊ शकत नाही, वापरायची परवानगी मात्र स्पष्ट हवी.

सभासदांची माहिती. ती कामापुरतीच वापरायची, स्वतःच्या लॅपटॉपवर प्रत ठेवायची नाही, काम संपल्यावर काढून टाकायची, आणि गळती झाली तर लगेच कळवायचं, अशी चार वाक्यं करारात घाला. नवा डेटा कायदाही माहिती हाताळणाऱ्याशी असा करार असावा अशीच अपेक्षा ठेवतो.

पैसे. निम्मे आधी, निम्मे नंतर ही पद्धत सोडा. रक्कम चार भागांत पाडा: सुरुवातीला थोडी, ओटीपी आणि नोंदणी चाचणी साइटवर चालल्यावर एक भाग, पैसे-जागा-मुदत चालल्यावर एक भाग, आणि साइट सुरू होऊन एक पूर्ण महिन्याचं चक्र गेल्यावर शेवटचा. महिन्याची अट महत्त्वाची आहे, कारण मुदत संपणं आणि नूतनीकरण या गोष्टी पहिल्या महिन्याच्या शेवटीच दिसतात. तुमच्याकडूनही शिस्त हवी: भाग पूर्ण झाला की पैसे त्याच आठवड्यात द्या.

बिलात जीएसटी लावला असेल तर जीएसटी नंबर बघा. नोंदणी नसलेल्याला जीएसटी आकारता येत नाही. सेवा व्यवसायासाठी महाराष्ट्रात नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख रुपये उलाढालीची आहे, त्यामुळे अनेक फ्रीलान्सरकडे नंबर नसतो आणि त्यात काही गैर नाही. टीडीएस कापायचा का ते सीएला विचारा.

इशारा: मधेच सुचलेल्या गोष्टी फोनवर सांगून करून घेऊ नका. "अजून एक छोटंसं" असं करत काम दुप्पट होतं आणि दोघांच्याही मनात राग साठतो. बदल लिहून द्या, त्याचे पैसे आणि दिवस ठरवा.

## ६. बांधणी सुरू असताना

काम चाचणीच्या वेगळ्या साइटवर व्हावं आणि तिथे खोटी नावं असावीत. खऱ्या सभासदांची एक्सेल फाइल "टेस्टिंगसाठी" पाठवू नका. आठवड्यातून एकदा त्याने तुमच्यासमोर चालवून दाखवावं. स्क्रीनशॉट धरू नका. आणि तो दाखवत असताना मोबाइल तुमच्या हातात असू द्या.

## ७. तपासणी: बिघडवून बघा

सगळं नीट भरलं तर नोंदणी होते, हे फ्रीलान्सरने तपासलेलं असतंच. तुम्ही उलट्या बाजूने जा. पुढच्या चाचण्या एकेक करून, जुन्या स्वस्त अँड्रॉइड फोनवर करा.

नाव मराठीत टाका. "ज्ञानेश्वर", "श्रद्धा", "ऋषिकेश". कित्येक फॉर्म फक्त इंग्रजी अक्षरं चालतील असे लिहिलेले असतात आणि मराठी नावाला "योग्य नाव टाका" असं उत्तर देतात. आपल्याच गावातल्या पोराला त्याचं स्वतःचं नाव चुकीचं आहे असं आपल्या साइटने सांगणं, हे मला तरी सहन होत नाही. नाव घेतलं गेलं तर पावतीवर आणि यादीत नीट उमटतं का बघा. यादीची सीएसव्ही फाइल (साध्या मजकुरातला तक्ता) एक्सेलमध्ये उघडल्यावर मराठीच्या जागी भलतीच चिन्हं दिसली तर फाइल तयार करताना यूटीएफ-८ ची (मराठीसकट सगळ्या लिप्या साठवण्याच्या पद्धतीची) खूण घातलेली नाही. पाच मिनिटांची दुरुस्ती आहे, पण सांगितल्याशिवाय होत नाही.

नंबर वेगवेगळ्या तऱ्हेने टाका. पुढे शून्य लावून, +९१ लावून, मध्ये जागा सोडून, आणि मराठी कीबोर्डवरच्या अंकांनी. चारही वेळा एकच अकाउंट सापडलं पाहिजे. नाहीतर एकाच मुलाची चार अकाउंट होतात आणि पैसे एकात, जागा दुसऱ्यात.

ओटीपी दुसऱ्याच्या फोनवर. ही अडचण आपल्याकडे फार आहे. मुलगा काउंटरसमोर उभा, आणि दिलेला नंबर वडिलांचा. ते कळवणजवळच्या शेतात, रेंज नाही. दोन मिनिटांनी फोन लागतो, वडील आकडे वाचून सांगतात, तोवर मुदत संपलेली. पान म्हणतं "अवैध विनंती". मुलगा पुन्हा पहिल्यापासून सगळं भरतो. इथे काय हवं ते स्पष्ट सांगा: भरलेली माहिती पुसली जाऊ नये, मुदत थोडी जास्त असावी, आणि मेसेज असा असावा: "या ओटीपीची वेळ संपली. नवा मागवण्यासाठी इथे दाबा. तुमची माहिती जपून ठेवली आहे." तिसऱ्या वेळीही जमलं नाही तर काउंटरवरच्या ताईला तिच्या लॉगिनमधून नोंदणी पूर्ण करता यावी, आणि ती तशी केली याची नोंद राहावी.

पैसे भरून पान बंद करा. यूपीआय अ‍ॅपमध्ये पिन टाकला की ब्राउझरकडे परतू नका. अकाउंट उघडलं का? पावती आली का? ही चाचणी नापास झाली तर साइट सुरू करू नका, बाकी काहीही पास झालेलं असलं तरी.

निरोप दोनदा आला तर? गेटवे कधीकधी एकाच व्यवहाराचा निरोप दोनदा पाठवतो. फ्रीलान्सरला तो मुद्दाम दोनदा पाठवून दाखवायला सांगा. सभासदत्व दोन महिन्यांनी वाढलं तर चूक सापडली.

एकच जागा, दोन फोन. एक फोन तुमच्याकडे, एक मित्राकडे. दोघांनी एकाच वेळी तीच जागा निवडा.

मध्यरात्र. बरेच सर्व्हर जागतिक वेळेवर चालतात आणि ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. त्यामुळे ३१ तारखेला रात्री बारा वाजता संपायचं सभासदत्व एक तारखेला पहाटे साडेपाचला संपतं, आणि संध्याकाळी पाठवायचा आठवणीचा मेसेज रात्री साडेअकराला जातो. पाचला अभ्यासाला येऊन बसणाऱ्या मुलांच्या बाबतीत हा घोळ रोज दिसेल.

बॉटचा मारा. ओटीपी पाठवण्याचं बटण उघडं असेल तर कोणीही प्रोग्राम लावून हजारो नंबरांवर ओटीपी मागवू शकतो आणि तुमचं एसएमएसचं बॅलन्स एका रात्रीत संपतं. एका नंबरला आणि एका आयपीला (इंटरनेट जोडणीच्या पत्त्याला) तासाला ठरावीकच ओटीपी, दिवसाची एकूण मर्यादा, आणि संशय आला तर कॅप्चा (समोर माणूस आहे की बॉट ते ओळखणारी चाचणी), एवढं असलंच पाहिजे. पण प्रत्येकाला प्रत्येक वेळी ट्रॅफिक सिग्नलची चित्रं निवडायला लावू नका. दिसणार नाही असं कॅप्चाही मिळतं.

तपासा: प्रत्येक चाचणीपुढे तारीख आणि निकाल लिहा. दुरुस्तीनंतर फक्त ती एक नाही, सगळ्या चाचण्या पुन्हा करा. एक दुरुस्त करताना दुसरं बिघडणं या कामात नेहमीचं आहे.

## ८. सुरू करणं आणि ताबा घेणं

सुरुवात कमी गर्दीच्या आठवड्यात करा. जूनमधल्या प्रवेशाच्या दिवसांत किंवा भरतीची नवी जाहिरात आल्यावर उसळणाऱ्या गर्दीत नको. होमस्टेवाल्यांनी तर सिंहस्थाचा हिशेब आत्ताच करावा: अमृतस्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आहेत, आणि नवी नोंदणी व्यवस्था त्याआधी किमान एक शांत महिना चालून गेलेली हवी.

पहिला महिना जुनं रजिस्टर चालू ठेवा. रोज रात्री तीन आकडे जुळवा: गेटवेत आलेले पैसे, साइटवर उघडलेली अकाउंट, प्रत्यक्ष बसलेली मुलं. फरक आला तर त्याच दिवशी शोधा. आठवडाभर साठला की कोणाचं काय ते लागत नाही.

बॅकअप रोज आपोआप व्हावा आणि होस्टिंगच्या बाहेर वेगळ्या ठिकाणी साठावा. शिवाय तो परत चढवून दाखवायला सांगा. न तपासलेल्या बॅकअपवर विसंबून राहू नका.

शेवटचा हप्ता देण्याआधी एक तास एकत्र बसा. कोडची पूर्ण प्रत तुमच्या खात्यात आली का, गेटवे आणि एसएमएसच्या गुप्त किल्ल्या (साइटला त्या सेवा वापरू देणारे सांकेतिक शब्द) कोडमध्ये उघड्या लिहिलेल्या नाहीत ना, काउंटरवरच्या ताईला नोंद दुरुस्त करणं, पैसे परत करणं आणि "हाताने बघा" यादी निकाली काढणं येतं का, हे सगळं त्याच बैठकीत करून बघा. हक्क हस्तांतरणाच्या कागदावर सही घ्या. मग त्याचा वापरकर्ता बंद करा, मुख्य पासवर्ड बदला आणि गेटवे, एसएमएस व होस्टिंगच्या किल्ल्या नव्याने तयार करून साइटवर बसवून घ्या. भरवसा नाही म्हणून हे करायचं नसतं, आणि चांगला फ्रीलान्सर हे स्वतःहून सुचवतो, कारण उद्या काही झालं तर संशय त्याच्यावर येत नाही.

पुढच्या देखभालीचं वेगळं ठरवा: महिन्याला किती तास, बिघाड झाल्यास किती वेळात प्रतिसाद, वर्डप्रेस किंवा इतर भागांचे अपडेट कोण करणार. काम लागेल तेव्हा त्याचा वापरकर्ता तेवढ्यापुरता सुरू करायचा आणि झाल्यावर बंद. डोमेन, होस्टिंग आणि एसएमएसच्या नूतनीकरणाच्या तारखा काउंटरमागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच लिहून टाका, आणि त्याखाली मुदतीच्या महिनाभर आधीची तारीखही.